बारमाही टायर, महिनाअखेरचं बजेट

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर वाटेत फुटला. गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली आणि आत बसलेला अडतीस वर्षांचा माणूस जागीच गेला. घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा विमा कंपनीचं म्हणणं पडलं, की टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला कोण काय करणार? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते म्हणणं फेटाळून लावलं आणि सव्वा कोट रुपयांची भरपाई कायम ठेवली. टायर फुटतो तो अतिवेगामुळे, कमी किंवा जास्त हवेमुळे, जुने वापरलेले टायर बसवल्यामुळे, तापल्यामुळे. म्हणजे माणसाच्याच हलगर्जीपणामुळे, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल गाजला आणि विसरला गेला. त्यात सांगितलेली कारणं मात्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीला रोज लागू पडतात. घरात गाडी येते तेव्हा रंग, मायलेज आणि एअरबॅगांवर आठवडाभर चर्चा होते. चार वर्षांनी टायर बदलायची वेळ आली, की प्रश्न एकच उरतो: ‘स्वस्तात स्वस्त कितीला?’

या प्रश्नात चूक काही नाही. वॅगन-आरसारख्या गाडीला लागणारा चौदा इंची टायर साधारण चार ते साडेपाच हजारांच्या दरम्यान मिळतो. चार टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह धरले तर वीस हजारांना सहज हात लागतो. शाळेची फी आणि गणपतीचा खर्च यांच्या मधोमध हा आकडा उभा राहिला, की घरात शांतता पसरते. तेव्हा कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे आधी ठरलेलं बरं.

वाचवायला कुठे बसू नये, याचं उत्तर थोड्या गणितात आहे. माणसं धरून गाडीचं वजन १,२०० किलो आणि टायरमधली हवा ३३ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला तर चारही चाकांचा मिळून रस्त्याला टेकणारा भाग होतो सव्वापाचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. एका चाकाच्या वाट्याला एका पोस्टकार्डाएवढी जागा येते. ब्रेक कितीही भारी असोत, एबीएस असो की सहा एअरबॅगा, गाडी थांबवायची ती या चार पोस्टकार्डांनीच.

दुकानात ‘ऑल सीझन’ हे शब्द हल्ली सर्रास ऐकू येतात. त्यांचं मूळ अमेरिकेतलं. तिथल्या उत्तरेकडच्या राज्यांत उन्हाळ्याचे आणि बर्फाचे असे टायरचे दोन संच ठेवावे लागत. १९७७ मध्ये गुडइयरनं ‘टिएम्पो’ नावाचा टायर आणला आणि वर्षभर एकच संच चालेल, ही कल्पना तिथे रुजली. दोन संच लागण्याचं कारण रबराच्या स्वभावात आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर होऊ लागतं आणि पकड सुटते. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, पण उन्हात भराभर झिजतं. ऑल सीझन म्हणजे या दोघांमधली तडजोड.

टोरांटोला किंवा म्युनिकला असलेल्या मराठी घरात हा विषय निघाला तर तो गंभीरपणे घ्यावा लागतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर नुसतं ‘एम+एस’ लिहिलेला टायर ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी म्हणून चालत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह टायरवर असावं लागतं. ‘एम+एस’ हा कंपनीचा स्वतःचा दावा असतो, डोंगराचं चिन्ह मात्र बर्फावर चाचणी दिल्यावर मिळतं. पुण्यातल्या आईवडिलांनी टोरांटोच्या मुलाला ‘दोन-दोन संच कशाला, उगाच खर्च’ म्हणून सांगू नये, हे यावरून कळावं.

महाराष्ट्रात मात्र हे सगळं गैरलागू आहे. निफाडच्या द्राक्षबागांत एखाद्या पहाटे पारा खूप खाली जातो, पण म्हणून कोणी बर्फाचा टायर घेत नाही. आपले ऋतू वेगळे आणि त्यांची परीक्षाही वेगळी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल, धूळ आणि रबराची भुकटी मिसळून निसरडा थर तयार होतो. मग आंबोलीसारख्या ठिकाणी हंगामात सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आपल्याकडचा बारमाही टायर म्हणजे उन्हात न तापणारा आणि पाण्यात न सुटणारा. पैकी तापणं बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं, ते पुढे येईलच. पाण्यातली पकड मात्र विकतच घ्यावी लागते.

म्हणून टायर घेताना रोजचं ऑफिस डोळ्यांपुढे ठेवू नये. डोळ्यांपुढे ठेवावा तो वर्षातला सर्वांत अवघड दिवस. मुंबई-ठाण्यातल्या असंख्य घरांसाठी तो दिवस ठरलेला असतो: गणपतीला गावी जायचा. गाडीत पाच जण, डिकीत सीएनजीची टाकी, तिच्यावर आणि मांडीवर सामान, पुढे सिंधुदुर्गापर्यंत पाचशे किलोमीटरचा रस्ता, कशेडी घाटानंतर धो धो पाऊस आणि समोरून एसटी. त्या दिवशी जो टायर चालेल तो उरलेले ३६४ दिवस चालेलच.

पाण्यात टायर सुटतो म्हणजे नेमकं काय होतं? टायरवरची नक्षी शोभेची नसते. खाचांतून पाणी बाजूला फेकलं जातं आणि रबर रस्त्याला टेकतं. वेग वाढला किंवा खाचा उथळ झाल्या, की पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. चाक पाण्याच्या थरावर चढतं आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं. त्या क्षणी ब्रेक दाबून काही उपयोग नसतो. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक ढोबळ सूत्र काढलं. हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयच्या आकड्याचं, वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला १०.३५ नं गुणायचं. येतो तो ताशी मैलांतला वेग, ज्याला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. ३३ पीएसआयला हा वेग येतो ताशी सुमारे ९६ किलोमीटर. हवा २५ वर उतरली असेल तर तो ८३ वर येतो. खोल पाणी आणि पाणी न फेकू शकणारा टायर धरून केलेला हा हिशोब आहे, त्यामुळे चांगल्या नक्षीचा टायर त्याहून थोडा पुढे जाईल. पण दिशा स्पष्ट आहे: हवा उतरली की पाण्यात चाक लवकर सुटतं. ही सुरक्षा फुकट मिळते. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे.

नव्या मोटारीच्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजत त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. पावसाळ्यात मात्र तिथवर थांबू नये. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ओल्या रस्त्यावर थांबायला बरंच जास्त अंतर घेतो. मे महिन्यात खोली मोजली आणि ती तीनच्या आसपास निघाली, तर दिवाळीच्या ऑफरची वाट बघणं म्हणजे अख्खा पावसाळा झिजक्या टायरवर काढणं. टायर घ्यायचा तो मे महिन्यात.

आता टायरच्या कडेवरचं लिखाण. उदाहरणार्थ वॅगन-आरच्या काही मॉडेलांना येणारा १६५/७० आर१४ ८१ एस. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ इंचांची रिम. ८१ हा वजनाचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एक टायर ४६२ किलो पेलतो, म्हणजे चार मिळून १,८४८. गाडी पूर्ण भरली तरी तेराशे-चौदाशे किलोंच्या घरात असते, त्यामुळे फरक पुरेसा आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची क्षमता. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तेव्हा टी किंवा एच अक्षरासाठी जास्त पैसे मोजायची गरज या गाडीला नाही. कंपनीनं दिलेल्यापेक्षा वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर कमी नको, एवढं पुरे.

दुकानात इथे हमखास एक सूचना येते: ‘साहेब, एक साइज वाढवून घ्या, गाडी उठून दिसेल.’ १६५/७० च्या जागी १७५/७० बसवला तर चाकाचा व्यास ५८७ वरून ६०१ मिलिमीटरवर जातो, म्हणजे जवळपास अडीच टक्के वाढ. स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवतो, पिकअप किंचित मंदावतो, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यात उलट लवकर तरंगतो. कंपन्या स्वतः साइज बदलतात तेव्हा व्यास सांभाळतात. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना १६५/८० आर१४ आणि वरच्यांना १८५/६५ आर१५ आलेला आहे. दोन्हींचे व्यास ६२० च्या आसपास, फरक दोन मिलिमीटरचा. बजेट आवळलेलं असताना साइज वाढवण्यावर एक रुपयाही घालू नये.

कडेवर आणखी एक आकडा असतो आणि तो बघायला वाकावं लागतं. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक लंबगोलात दिलेले असतात. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वयानं कडक होतं. भारतात टायरला कायद्यानं ठरवलेली एक्सपायरी नाही, पण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनी नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा, असं मोठ्या कंपन्याच सांगतात. दुकानदार ‘स्पेशल रेट’ देतो तेव्हा त्या रेटमागे बऱ्याचदा हे चार अंक असतात. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा माल चालतो. तीन वर्षं गोदामात पडलेला असेल तर घासाघीस करावी, नाहीतर दुसरा मागावा. चारही टायरचे अंक बघावेत. एक ताजा दाखवून तीन जुने बसवले गेल्याचं घरी आल्यावर लक्षात येण्यात अर्थ नाही.

कोणता ब्रँड? मराठी माणसाला या बाबतीत घरचे पर्याय पुष्कळ आहेत. सिएटचं मुख्यालय मुंबईत आणि कारखाने भांडुप, नाशिक, नागपूरला, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, एमआरएफचा गोव्यात. प्रवासी मोटारीच्या टायरवर आयएस १५६३३ या मानकाचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तो नसलेला टायर कितीही स्वस्त असला तरी पुढे बघायचं कारण नाही. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आले आणि स्वस्त चिनी टायरांचा ओघ आटला, त्यामुळे बिनशिक्क्याच्या टायरांचा गोंधळ आता पूर्वीइतका नाही.

खरी निवड ब्रँडमध्ये नसतेच, ती एकाच ब्रँडच्या दोन टायरांमध्ये असते. गुडइयरचा ड्युराप्लस खूप किलोमीटर चालण्याच्या वायद्यावर विकला जातो, तर ट्रिपलमॅक्स ओल्या रस्त्यावर लवकर थांबण्याच्या. सिएटचा माइलेझ आणि अपोलोचा अमेझर ४जी लाइफ नावातच सांगतात की भर टिकण्यावर आहे. रबर जास्त चालायचं तर ते झिजायला नको आणि रस्ता धरायचा तर ते मऊ हवं. मागणी दोन्ही बाजूंनी ओढणारी आहे. सिलिका घालून ही ओढाताण कमी करता येते, पण संपत नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल असतं आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी ग्राहकाला वाचता येते. भारतात एआयएस-१४२ या मानकानं ओली पकड, गोल फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या किमान अटी घातल्या. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनना आणि पुढच्या वर्षी आधीच्या डिझाइनना त्या लागू झाल्या. म्हणजे नापास टायर बाजारात यायला नको. पण पास झालेल्यांत पस्तीस टक्केवाला कोण आणि नव्वदवाला कोण, हे ग्राहकाला कडेवर वाचता येत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे आहेत, पण ती योजना ऐच्छिक आणि भर इंधनबचतीवर. ही उणीव साधी नाही.

तोवर एक हिशोब उपयोगी पडतो. पाच हजारांचे चार टायर, ४० हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ५० पैसे. पेट्रोल शंभरीपार आणि मायलेज वीस धरलं, तर इंधनाला पाच रुपयांच्या वर. ओली पकड चांगली असलेला टायर नगामागे हजार रुपयांनी महाग असेल, तर किलोमीटरला दहा पैसे वाढतात. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला तीन रुपये. टपरीवरच्या अर्ध्या कटिंगपेक्षा कमी. या दहा पैशांत कंजुषी करणं फारसं शहाणपणाचं वाटत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी चार हजार किंमत असलेला टायर ५,१२० ऐवजी ४,७२० ला बसतो. चार टायरमागे वाचलेले सोळाशे रुपये या फरकात घालता येतात.

मग वाचवायचं कुठे? चारही एकदम बदलायला जमत नसेल तर दोन बदलावेत, एकाच एक्सलचे, एकाच नक्षीचे. इथे गॅरेजवाल्याशी वाद होणार हे नक्की. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, स्टिअरिंगही पुढे, म्हणून नवे टायर पुढे बसवायचे, अशी पक्की समजूत आहे. टायर कंपन्या नेमकं उलट सांगतात: नवे टायर मागे. पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडीचं शेपूट फिरतं आणि सामान्य चालकाला ते सावरता येत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागचा भार आणखी वाढलेला असतो.

पैसे वाचतात ते देखभालीत. हवा गार टायरमध्ये, महिन्यातून दोनदा तरी, चालकाच्या दारालगत चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. गाडी भरलेली असताना वेगळा आकडा असतो, गणपतीला निघताना तो वाचावा. टायरच्या कडेवर लिहिलेला दाब हा कमाल असतो, भरायचा नसतो. लांब पल्ल्यात टायर तापला की दाब काही पीएसआयनं वाढतो; घाबरून हवा सोडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचंच चुकतं. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर चालतो, कडा प्रत्येक फेरीत दुमडतात, दुमडण्यातून उष्णता वाढते आणि मे महिन्याच्या काँक्रीटवर तो फुटतो. समृद्धीवर २०२३ मध्ये परिवहन विभागानं नाक्यांवर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, त्यामागे हाच अनुभव होता. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाकं बदलून घेतली आणि अलाइनमेंट तपासलं, तर झीज सारखी होते. स्टेपनी त्याच साइजची असेल तर तिलाही फेरीत घ्यावं. डिकीत पडून म्हातारी झालेली स्टेपनी ऐनवेळी दगा देते. खड्ड्यात आपटून कडेला फुगा आला, तर त्याला दुरुस्ती नाही. तिथे आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. आणि विम्यावरही अवलंबून राहू नये. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी मार लागला असेल तरच टायरची निम्मी किंमत धरतात.

सेकंडहँड टायरांचा मोह मोठा असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत हजार-दीड हजारांत ‘सत्तर टक्के नक्षी’वाला टायर मिळू शकतो. त्यातला एखादा खरोखर चांगला असतोही, मोठ्या रिमचा शौक असलेल्या माणसानं नव्या गाडीवरून लगेच काढलेला. पण तो कमी हवेवर किती पळाला, आतून कुठे भाजला, हे बाहेरून दिसत नाही. काही ठिकाणी गुळगुळीत टायरला गरम हत्यारानं खाचा पाडून तो नवा म्हणून खपवतात. खाचेच्या कडा फार धारदार आणि झिजेच्या खुणा गायब असल्या तर ओळखावं. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर ट्रकच्या धंद्यात रीतसर चालतो, त्यासाठीचा सांगाडाच तसा बांधलेला असतो. कुटुंबाच्या मोटारीला तो नको.

नवे टायर बसवून झाले, की बिलावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, कारण वॉरंटीचा दावा त्यांवर चालतो. दुकानदार जुन्या टायरांचे नगाला शे-दोनशे देऊ करतो. त्यात फुगा आलेला किंवा तार दिसणारा एखादा असेल, तर पैसे न घेता समोरच त्याची कड कापून द्यायला सांगावं. नाहीतर तोच टायर आठवडाभरात दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागलेला असतो.